फ्रीमेसनच्या तीन पायऱ्या आणि तेहतीसचा घोळ

पंचवटीत राहणाऱ्या, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या ओळखीतल्या एका मुलाच्या फोनवर मध्यंतरी संदेश आला. वर त्रिकोणातला डोळा, खाली गुण्या आणि कर्कटकाचं चिन्ह आणि मजकूर असा की, तुमची निवड झाली आहे, फ्रीमेसन बंधुसंघाची तेहतिसावी डिग्री थेट मिळेल, नोंदणी शुल्क आजच भरा. पैसे भरण्याआधी त्यानं विचारलं, "काका, हे खरं असतं का?" त्याला मी लगेच सांगितलं की एक रुपयाही भरू नकोस. पण ही डिग्री म्हणजे नेमकं काय आणि ती मिळवलेला माणूस मोठा होतो का, हा त्याचा पुढचा प्रश्न दोन वाक्यांत संपणारा नव्हता. असे संदेश अनेकांना येतात आणि फ्रीमेसन म्हटलं की एकतर भूतप्रेत, नाहीतर जगावर राज्य करणारी टोळी, एवढंच आपल्याकडे ठाऊक असतं. म्हणून हे जरा सविस्तर.

सुरुवात दगडापासून

त्र्यंबकेश्वर, काळाराम किंवा सिन्नरचा गोंदेश्वर पाहिलेल्या माणसाला पाथरवटाच्या कामाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. युरोपातही चर्च आणि किल्ले बांधणारे पाथरवट, इंग्रजीत मेसन, गावोगाव कामाला जात. कामाच्या जागेशेजारी त्यांची झोपडीवजा खोली असे, तिला लॉज म्हणत. फ्रीमेसनांच्या शाखेला आजही लॉजच म्हणतात. नवा कारागीर आला की तो खरोखर शिकलेला आहे की नुसता थापा मारतोय, हे ओळखायला कागदपत्र नव्हते. म्हणून खुणेचा शब्द आणि हात मिळवण्याची ठरावीक पद्धत आली. फ्रीमेसनांच्या ज्या गुप्त खुणांचा एवढा बोलबाला होतो, त्यांचं मूळ या साध्या गरजेत आहे.

१५९८ मध्ये विल्यम शॉ यानं स्कॉटलंडमधल्या लॉजांसाठी नियम लिहून काढले. पुढच्या शतकात गंमत अशी झाली की आयुष्यात दगडाला हात न लावलेली माणसंही या लॉजांमध्ये येऊ लागली. एलायस ॲशमोल या विद्वानाच्या रोजनिशीत १६ ऑक्टोबर १६४६ रोजी वॉरिंग्टन इथं आपल्याला मेसन करून घेतल्याची नोंद आहे. बांधकाम मागे पडलं, हत्यारं राहिली आणि त्या हत्यारांना नीतीचे अर्थ चिकटले. परंपरेनं २४ जून १७१७ हा दिवस मानला जातो, त्या दिवशी लंडनमधल्या चार लॉज एकत्र आल्या आणि त्यांची मध्यवर्ती संस्था, म्हणजे ग्रँड लॉज, उभी राहिली. १७२३ मध्ये जेम्स अँडरसननं तिची घटना छापली.

भारतात पहिली लॉज १७३० मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये आली, कंपनीच्या माणसांबरोबर. आपल्या लोकांना दार उघडायला बराच काळ गेला. मुंबईचे पारशी गृहस्थ मानेकजी करसेटजी यांना इथं प्रवेश नाकारला गेला, ते शेवटी पॅरिसमध्ये सभासद झाले. १८४३ मध्ये मुंबईत भारतीयांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली. स्वामी विवेकानंद संन्यास घेण्याआधी, नरेंद्रनाथ दत्त असताना, १८८४ मध्ये कलकत्त्यात फ्रीमेसन झाले होते, मोतीलाल नेहरूही सभासद होते. १९६१ मध्ये स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे पहिले प्रमुख रामपूरचे नवाब रझा अली खान. मुंबईत फोर्ट भागात फ्रीमेसन्स हॉलची इमारत आजही उभी आहे.

पहिली पायरी: खिसा रिकामा, डोळ्यांवर पट्टी

डिग्री म्हणजे इथं विद्यापीठाची पदवी नाही. ती एक पायरी आहे आणि प्रत्येक पायरीचा एक विधी आहे. तो विधी प्रेक्षकांसमोर होणाऱ्या नाटकासारखा नसतो, कारण नवखा माणूस स्वतःच त्यातलं मुख्य पात्र असतो. या तीन पायऱ्यांना प्रतीकात्मक डिग्री म्हणतात. पहिली उमेदवाराची, दुसरी कारागिराची, तिसरी उस्तादाची.

पहिल्या पायरीचा विधी मला तिन्हींमध्ये सर्वांत अर्थपूर्ण वाटतो, म्हणून तो नीट सांगतो. आत येण्याआधी उमेदवाराच्या अंगावरचे पैसे, अंगठी, घड्याळ, धातूची प्रत्येक वस्तू काढून घेतात. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरी, एका बाजूची छाती आणि एक गुडघा उघडा, एका पायात सपाता. असा माणूस हाताला धरून आत आणला जातो. कोट्यधीश असो की शिक्षक, या अवस्थेत दोघांत फरक दिसत नाही. तो आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो, मग पट्टी सुटते.

त्यानंतर त्याला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात, कारण इमारतीची कोनशिला तिथं बसवण्याची रीत होती. आपल्याकडेही भूमिपूजनाला ईशान्येचा कोपराच धरतात, त्यामुळे नाशिकच्या माणसाला यात काही परकं वाटू नये. तिथं उभं असताना त्याच्याकडे गरिबांसाठी दान मागितलं जातं. तो खिसे चाचपतो, काहीच नसतं. मनात असूनही देता येत नाही, ही अडचण त्याला सगळ्यांसमोर सोसावी लागते. मग सांगितलं जातं की तुझी चेष्टा करायची नव्हती, यापुढे अडचणीतला माणूस समोर आला की आजची ही घटका आठव. दानधर्मावरची दहा भाषणं ऐकून जे होणार नाही, ते या दोन मिनिटांत होत असावं.

शेवटी त्याला तीन हत्यारं दाखवतात. चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास, त्यातला काही वेळ प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, काही गरजवंताच्या मदतीला. हातोडी म्हणजे सदसद्विवेकाचा जोर, जो वेडेवाकडे विचार ठोकून काढतो. छिन्नी म्हणजे शिक्षण, जे माणसाला धार आणि घाट देतं. ओबडधोबड दगड म्हणजे तो स्वतः. कमरेला पांढरं, कोकराच्या कातड्याचं साधं एप्रन बांधलं की पहिली पायरी पुरी होते.

दुसरी आणि तिसरी

दुसरी पायरी अभ्यासाची. गोल जिना, दोन खांब, व्याकरणापासून भूमिती आणि खगोलापर्यंतच्या सात विद्या, असा तिचा सगळा थाट. हत्यारं मात्र आपल्या कोणत्याही गवंड्याच्या पिशवीतली: गुण्या, पाणसळ आणि ओळंबा. गुण्या म्हणजे वागण्यातला काटकोन, पाणसळ म्हणजे समता, ओळंबा म्हणजे सरळपणा. पाणसळीचा अर्थ निदान तत्त्वात तरी पाळला जातो. लॉजच्या आत साहेब आणि त्याच्याच कचेरीतला कारकून एका पातळीवर, आणि त्या वर्षी कारकुनाला प्रमुख म्हणून निवडलं असेल तर मधल्या खुर्चीत तोच बसतो, साहेब त्याची परवानगी घेऊन बोलतो.

तिसरी पायरी मृत्यूची आहे. राजा सॉलोमनचं मंदिर बांधणारा उस्ताद हायरम याची कथा इथं उमेदवाराकडून करवून घेतात. तीन कारागीर त्याला मंदिराच्या दारांवर अडवतात आणि उस्तादाचं गुपित मागतात. तो म्हणतो, वेळ आली की मिळेल, जबरदस्तीनं नाही. तिघे त्याला एकामागून एक वार करून मारतात. बायबलमध्ये या नावाचा कारागीर आहे, पण हा खून नाही. ही कथा लॉजांची स्वतःची. उमेदवाराला हायरमच्या जागी आडवं पाडतात, मेलेला समजून ठेवतात आणि शेवटी हात धरून उठवतात. दिलेल्या शब्दासाठी जीव गेला तरी चालेल, आणि मरण सगळ्यांना येणार आहे, हे दोन धडे.

ज्यांनी सिंहस्थात आखाड्यांची संन्यासदीक्षा जवळून पाहिली आहे, त्यांना इथं ओळख पटेल. दीक्षा घेणारा स्वतःचं पिंडदान स्वतः करतो, आधीचं नाव आणि नातीगोती तिथं संपवतो. दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही आणि दोन्हींचा हेतूही वेगळा. संन्यासी घर सोडतो, फ्रीमेसन रात्री जेवून घरी जातो आणि सकाळी दुकान उघडतो.

या पायऱ्या एका दमात चढता येत नाहीत. इंग्लंडच्या नियमांत दोन पायऱ्यांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात, प्रत्यक्षात अनेकदा महिने जातात.

मग तेहतीस आले कुठून?

तिसऱ्या पायरीनंतर माणूस पूर्ण सभासद होतो आणि त्याच्या वर कुणी नसतं. १८१३ मध्ये इंग्लंडमधल्या दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज एक झाल्या, तेव्हाच्या करारात साफ लिहिलं आहे की शुद्ध प्राचीन मेसनरी तीन पायऱ्यांची, त्याहून जास्त नाही, आणि रॉयल आर्च नावाचा पूरक विधी त्यातच धरला आहे.

तेहतीस हा आकडा स्कॉटिश राइट नावाच्या वेगळ्या शाखेचा. तिची पहिली सर्वोच्च परिषद १८०१ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटन इथं स्थापन झाली. तीन पायऱ्या झालेल्या माणसाला हवं असेल तर तो या शाखेत जाऊन चौथ्यापासून पुढचे विधी पाहू शकतो. तिथं नव्या कथा आहेत, नवे पोशाख आहेत, पण मूळ लॉजमध्ये त्याचा अधिकार तसूभर वाढत नाही. अमेरिकेत बत्तीसपर्यंत अनेक जण जातात. तेहतिसावी मानाची असते, दीर्घ सेवेबद्दल परिषद स्वतः बोलावून देते, मागून मिळत नाही. इंग्लंडमध्ये या शाखेत यायला ख्रिस्ती श्रद्धा लागते, म्हणजे तिथल्या हिंदू किंवा मुसलमान फ्रीमेसनाला तो रस्ताच बंद. आकडा मोठा म्हणून माणूस वरचा, हा समज इथंच कोसळतो. आणि पहिली पायरीही न चढलेल्या मुलाला फोनवर थेट तेहतिसावी देऊ करणारा भामटा आहे, हेही इथंच कळतं.

आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही, हे खरं का?

अर्धं खरं. जुना दंडक उलट आहे: सभासदानं कुणाच्या मागे लागायचं नाही, इच्छुकानं आपणहून विचारायचं. आज कुठं कुठं ओळखीच्या माणसाला 'तुला आवडेल का' असं सुचवतात, पण आग्रह करणं गैर मानलं जातं. ज्या घरात एकही फ्रीमेसन नाही, त्यांना हे बंद दारासारखं वाटतं आणि त्यातूनच 'फक्त निमंत्रितांसाठी' ही प्रतिमा तयार झाली.

विचारल्यावर पुढं काय होतं? एक सभासद नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. काही जण भेटून चौकशी करतात: परमेश्वरावर, कोणत्याही नावानं का होईना, श्रद्धा आहे का, चारित्र्य कसं आहे, घरच्यांना मान्य आहे का, वर्गणी भरताना संसाराला चिमटा तर बसणार नाही ना. मग गुप्त मतदान. पेटीत पांढरी किंवा काळी गोळी टाकायची. ठरावीक संख्येपेक्षा जास्त काळ्या निघाल्या की अर्ज फेटाळला, कारण सांगितलं जात नाही. ही पद्धत मला खटकते. कारण न सांगता दिलेला नकार माणसाच्या मनात वर्षानुवर्षं राहतो आणि एखाद्याचा वैयक्तिक आकसही त्या गोळीत लपू शकतो. बाजूनं एवढंच म्हणता येईल की आयुष्यभर बंधू म्हणवणाऱ्यांच्या मंडळात कुणी मनाविरुद्ध घुसू नये.

खर्च असतोच, प्रवेश फी आणि वार्षिक वर्गणी. पण ती मतदानानंतर, ओळखीच्या माणसांकडे, पावती घेऊन. अनोळखी खात्यावर, क्यूआर कोडवर, मुदत संपण्याआधी भरायची रक्कम म्हणजे फसवणूक. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. 'इल्युमिनाटी' नावानं येणारे संदेशही याच माळेतले. जर्मनीतल्या बव्हेरियात ॲडम वाइसहाउप्टनं १७७६ मध्ये त्या नावाचा गट काढला होता. दहा वर्षांच्या आत तिथल्या सरकारनं तो मोडून काढला.

सगळं छापलेलं आहे, तर लपवतात काय?

आता कुणी म्हणेल, तुम्ही इथं सगळं सांगूनच टाकलंत. पण मी नवं काहीच फोडलेलं नाही. १७३० मध्येच सॅम्युअल प्रिचर्ड यानं लंडनमध्ये तिन्ही पायऱ्यांचे विधी छापून विकले होते.

मुंजीत काय होतं पाहा. वडील बटूच्या कानात गायत्री मंत्र सांगतात, वरून उपरणं धरलेलं असतं. मंडपातल्या प्रत्येकाला तो मंत्र पाठ असतो, बटूनंही तो आधी ऐकलेला असतो. तरी उपरणं धरतातच, कारण तो क्षण बाप आणि मुलाचा असतो. लॉजमधला विधीही पुस्तकात वाचला म्हणजे घडला असं होत नाही. पट्टी बांधून, रिकाम्या खिशानं उभं राहिल्यावरच तो घडतो. सभासद जे खरोखर राखून ठेवतात ते ओळखीचे शब्द आणि खुणा, म्हणजे दिलेलं वचन पाळण्याचा सराव.

गुप्त संघटना म्हणजे काय, हे नाशिकला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. १९०४ मध्ये सावरकर बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांची 'अभिनव भारत' इथंच उभी राहिली. सभासद शपथ घेत आणि नावं फुटली तर अंदमान किंवा फास ठरलेला होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली, त्यानंतर ते किती खरं होतं हे साऱ्या गावानं पाहिलं. तिथं संघटनेचं अस्तित्वच लपवावं लागे. फ्रीमेसनांच्या इमारतीवर पाटी असते, सभासद आपलं सभासदत्व खुशाल सांगू शकतो आणि लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायला मनाई असते. सरकार उलथण्याचा कट शिजवायला ही जागा फारच गैरसोयीची आहे.

जुन्या शपथांत गळा चिरण्यासारख्या शिक्षांचे उल्लेख होते, त्यावरूनही लोक घाबरत. त्या कधी अमलात आणायच्या नव्हत्याच. इंग्लंडच्या ग्रँड लॉजनं १९८६ मध्ये त्या शपथेतून काढून टाकल्या.

धर्म बुडतो का?

१७३८ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी कॅथलिकांना फ्रीमेसन होण्यास बंदी घातली आणि २०२३ मध्येही व्हॅटिकननं ती कायम असल्याचं सांगितलं. सर्व धर्मांना एका पंक्तीत बसवणारी शपथ त्यांना मान्य नाही, हा विचारपूर्वक घेतलेला आक्षेप आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. भारतातल्या लॉजांमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी मांडले जातात. वारकऱ्यांच्या आणि सुफींच्या देशात वाढलेल्या माणसाला यात धर्म बुडाल्यासारखं वाटण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

सैतानपूजेचा आरोप मात्र निव्वळ बनावट आहे. पॅरिसमधल्या लेओ ताक्सिल या लेखकानं बारा वर्षं फ्रीमेसनांच्या सैतानी विधींच्या सुरस कथा छापल्या, लोकांनी त्या खऱ्या मानल्या. १९ एप्रिल १८९७ रोजी भर सभेत त्यानंच सांगितलं की हे सगळं आपण रचलं होतं. सव्वाशे वर्षं उलटली तरी त्याच कथा आज मोबाइलवर फिरत आहेत.

जे आक्षेप झटकता येत नाहीत

बंद दारामागे ओळखी वाढतात आणि ओळखींचा गैरवापर होतो. इटलीतली पी-टू लॉज हे त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण. मूळ संस्थेनं १९७६ मध्ये तिच्यावर कारवाई केली होती, तरी तिचा प्रमुख लिचो जेल्ली ती चालवत राहिला. १९८१ मध्ये पोलिसांना त्याच्याकडे ९६२ नावांची यादी सापडली, त्यात मंत्री, सेनाधिकारी, पत्रकार होते आणि सरकार कोसळलं. एका लॉजवरून सगळ्यांना गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं आहे. पण न्यायाधीश, पोलिस अधिकारी किंवा टेंडर काढणारा अधिकारी सभासद असेल, तर ते जाहीर असायला काय हरकत आहे, हा नागरिकाचा प्रश्न रास्तच आहे. बंधू म्हणून दिलेला शब्द आणि पद म्हणून घेतलेली शपथ यांची टक्कर झाली, तर पदाची शपथ मोठी. फ्रीमेसनांचे स्वतःचे नियमही कायद्याला वर ठेवतात, पण ते पाळले जाताहेत हे बाहेरच्याला कसं दिसणार?

दुसरा आक्षेप बायकांचा. ग्रँड लॉज ऑफ इंडियासह जगातल्या मुख्य प्रवाहातल्या लॉज फक्त पुरुषांच्या. फ्रान्समध्ये मारिया देरेम यांना १८८२ मध्ये एका लॉजनं दीक्षा दिली, त्यावरून मोठा गदारोळ झाला. १८९३ मध्ये त्यांनी आणि जॉर्ज मार्तां यांनी स्त्री-पुरुषांचा एकत्र संघ काढला. ॲनी बेझंट १९०२ मध्ये त्यात आल्या आणि थिऑसॉफीच्या वर्तुळातून तो भारतात पोचला. इंग्लंडमध्ये फक्त स्त्रियांच्या ग्रँड लॉजही शंभरहून अधिक वर्षं चालू आहेत. विधी त्याच तीन पायऱ्यांचे, हत्यारं तीच, एप्रनही तसंच. पुरुषांच्या संस्था त्यांच्या कामाविषयी आदरानं बोलतात, पण त्यांच्या सभेत बसत नाहीत आणि त्यांना आपल्या सभेत घेत नाहीत. परंपरा, एवढंच कारण दिलं जातं. १८४३ च्या आधी मुंबईत भारतीयांना बाहेर ठेवतानाही जवळपास हेच कारण दिलं गेलं असणार.